शाळेच्या खोलीत किती माणसं झोपवायची?

मोहोळ तालुक्यातल्या सीना नदीकाठच्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकांनी विचारलंय: 'सप्टेंबर २०२५ च्या पुरात आमच्या शाळेत ३१० माणसं आठ दिवस राहिली. नंतर एका प्रशिक्षणात स्फिअर मानकं, म्हणजे आपत्तीतल्या मदतीचे किमान आंतरराष्ट्रीय निकष, ऐकली. माणशी १५ लिटर पाणी, २० जणांना एक शौचालय, माणशी साडेतीन चौरस मीटर जागा. ऐकून हसू आलं. आपल्याकडे हे कधी शक्य आहे का? की परदेशी छावण्यांसाठी लिहिलेलं पुस्तक आहे आणि आपण आपले बिस्किटाचे पुडे वाटत राहायचे?'

सर, हसू मलाही आलं होतं. मी गेली पंचवीसेक वर्षं पूर, दुष्काळ आणि भूकंपानंतरच्या निवाऱ्यांत पाण्याचं आणि शौचालयांचं काम करते, मुक्काम सोलापूर. तुमच्या प्रश्नाला एका ओळीचं उत्तर हवं असेल तर पाणी शक्य आहे, शौचालयं निम्मी-अर्धी शक्य आहेत, जागा बहुतेक गावांत शक्य नाही. पण एवढ्यानं तुमचं समाधान होणार नाही, कारण तुम्हाला खरं टोचलंय ते वेगळंच आहे असं मला वाटतं. आठ दिवस तुम्ही त्या शाळेत राबलात आणि शेवटी मदत पुरली की नाही हे कशावरून ठरवायचं, तेच तुम्हाला कळलं नाही. आपल्याकडे किती गाड्या आल्या, किती किट वाटली याचा हिशेब असतो, फोटोही असतात. किती पुरलं याचा हिशेब कुणी मागत नाही.

हे मी शिकले ते किल्लारीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी कॉलेजात होते. सोलापुरातल्या एका वसतिगृहात आम्ही मुलींनी चार दिवस जुने कपडे निवडले. जरीच्या साड्या, एकेकटे बूट, मुंबईहून आलेले कोट. पुढं गावाकडं गेलो तर रस्त्याच्या कडेला तसल्याच कपड्यांचे ढीग भिजत पडलेले. पत्र्याच्या शेडमधली एक आजी म्हणाली, "कापडं लई आली गं बाई. तवा कुणीच आणंना." पीठ होतं, सरपण होतं, भाकरी भाजायला काही नव्हतं. त्या एका वाक्यात पुढं मी शिकलेलं निम्मं पुस्तक होतं.

आता पुस्तकाविषयी. १९९४ च्या जुलैत रवांडातून पळालेली लाखो माणसं झैरच्या (आताच्या काँगोतल्या) गोमा शहराभोवती येऊन पडली. पहिल्या महिन्याभरातच कॉलरा आणि हगवणीनं सुमारे ५०,००० माणसं गेली असा अंदाज आहे. जगभरच्या संस्था तिथं हजर होत्या, पण प्रत्येकीचं 'पुरेसं' वेगळं होतं. त्या लाजेतून १९९७ साली रेड क्रॉस चळवळ आणि काही संस्थांनी मिळून स्फिअर सुरू केलं. २०००, २००४, २०११ आणि २०१८ अशा चार आवृत्त्या आल्या. पाणी-स्वच्छता, अन्न, निवारा आणि आरोग्य असे त्यातले चार मोठे विभाग.

प्रशिक्षणात बहुधा राहून गेलेली गोष्ट अशी की १५ लिटर हे मानक नाहीच. मानक म्हणजे आधीचं वाक्य: लोकांना पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी आणि घरगुती स्वच्छतेसाठी पुरेसं, सुरक्षित पाणी समान रीतीनं मिळालं पाहिजे. ते वाक्य कुठंही बदलत नाही. १५ लिटर हा ते पाळलं जातंय का हे बघायचा काटा, आणि काटा परिस्थितीप्रमाणं जुळवून घ्या असं पुस्तकच सांगतं. आकडा गाठता आला नाही तर का नाही ते लिहा, त्यामुळं कुणाचं काय नुकसान होईल ते ओळखा आणि ते कमी करायला काय केलं तेही लिहा. आकडा पाठ करून आलेले अधिकारी आणि आकड्याला हसणारे अधिकारी, दोघंही मी पाहिलेत. हे तीन प्रश्न विचारणारे फार थोडे.

तुमच्या शाळेवर करून बघू. सात खोल्या धरते, प्रत्येकी ६ बाय ५ मीटर. एक खोली ३० चौरस मीटर, म्हणजे साडेतीनच्या हिशेबानं आठ माणसं. सात खोल्यांत ५६. तुमच्याकडे होती ३१०, म्हणजे माणशी पाऊण मीटरसुद्धा आलं नाही. कुशीवर वळायचं तर शेजाऱ्याला उठवावं लागलं असेल. पण पहिल्या रात्री, बाहेर पाणी चढत असताना, ३१० माणसं कोरड्यात बसली यात मला काही गैर दिसत नाही. त्या रात्री साडेतीन मीटरचा आग्रह धरणाऱ्याला मी स्वतः बाहेर काढीन. प्रश्न तिसऱ्या रात्रीचा आहे. तोवर गावातलं मंगल कार्यालय, सोसायटीचं गोदाम, देवळाचा सभामंडप, जवळच्या साखर कारखान्याची शेड यांतलं काही उघडलं का? ओली बाळंतीण, दम्याचा म्हातारा, वयात आलेल्या मुली यांना आधी मोकळी जागा मिळाली का? की आधी आलेल्यांनी भिंतीकडेच्या जागा धरल्या आणि शेवटी पोचलेली नदीपलीकडची वस्ती व्हरांड्यात राहिली? आठव्या दिवशीही सातच खोल्या असतील तर मात्र ती अडचण उरत नाही, तो निर्णय होतो.

शौचालयांवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथंच सगळ्यात जास्त खोटं बोललं जातं. ३१० माणसांना स्फिअरच्या हिशेबानं पंधरा-सोळा लागतात. अगदी सुरुवातीला ५० जणांना एक चालेल असं तेच म्हणतात, म्हणजे सहा-सात. शाळेत असतात चार, त्यातलं एक शिक्षकांचं आणि कुलूपबंद. एका निवाऱ्यात मी अहवाल वाचला होता, 'शौचालय सुविधा उपलब्ध'. होतीही. पाणी बाहेरच्या टाकीवरून बादलीनं आणायचं, दिवा नाही, आणि दार पुरुष बसतात त्या कट्ट्यासमोर. बायका काय करत होत्या? पाणीच पीत नव्हत्या. एकजण म्हणाली, "पिलं की जावं लागतंय की ओ बाई. मग न पिलेलंच बरं." तिला चार महिन्यांचं अंगावरचं बाळ होतं. तिथं पाण्याची टाकी भरलेली होती. नुसतं पाणी मोजलं असतं तर शंभर टक्के भरलं असतं.

म्हणून स्फिअरमधली मला सर्वांत उपयोगी पडलेली ओळ लिटरांची नाही. सामाईक शौचालयांत बायकांसाठी तीन असतील तर पुरुषांसाठी एक, या प्रमाणाची ती आहे. खर्च शून्य. चार असतील तर तीन दारांवर खडूनं 'महिला' लिहायचं, आतून कडी लागते का बघायचं, वाटेवर एक दिवा टांगायचा. पुरुष कुरकुरतात, दोन दिवसांत सवय होते.

बाकीची दहा-बारा कुठून आणायची? सर, आपण सोलापूर जिल्ह्यात राहतो. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी या तळांवर दरवर्षी पालखीबरोबर किती माणूस उतरतो आणि त्यासाठी फिरती शौचालयं, टँकर, आरोग्य पथकं कशी लावली जातात हे तुमच्या-माझ्यासमोर घडतं. पंढरपुरातला पासष्ट एकरांचा तळ म्हणजे काही दिवसांपुरतं उभं केलेलं एक शहरच. माणसांच्या मानानं संडास किती, टँकर कुठं भरायचा, मैला कुठं न्यायचा, हे जमवणारे लोक याच जिल्ह्याच्या कचेऱ्यांत बसतात. फरक एवढाच की एकादशीची तारीख पंचांगात असते, सीनेची नसते. पण महिना तर असतो! २०२० ला ऑक्टोबर होता, २०२५ ला सप्टेंबर. फिरत्या शौचालयांचा दरकरार आषाढीनंतर संपू न देता ऑक्टोबरअखेर चालू ठेवायचा, एवढी एक ओळ जिल्ह्याच्या आराखड्यात आली तरी पुष्कळ. मात्र वारीचा ठेका जसाच्या तसा पुरात चालणार नाही. लांबोटीला महामार्गच बंद झाला तर पंढरपूरहून गाडी येणार कशी? म्हणून थोडी शौचालयं नदीच्या दोन्ही अंगांना ठेवावी लागतील.

पाण्याचं सोपं आहे. ३१० गुणिले १५ म्हणजे दिवसाला ४,६५० लिटर. दहा हजारांचा एक टँकर दोन दिवस पुरतो. टँकर येतोच. घोळ होतो तो टँकर थांबल्यावर: नळीभोवती झुंबड, जोरात असेल त्याच्या चार घागरी, म्हातारीची एक. उपाय असा की टँकर लोकांसमोर रिता करायचाच नाही. दोन हजार लिटरच्या दोन-तीन टाक्या विटांच्या कट्ट्यावर बसवून प्रत्येकीला तोट्या लावायच्या. २५० माणसांना किमान एक तोटी आणि रांगेत अर्ध्या तासाच्या वर उभं राहावं लागू नये, हा काटा. मी तर ५० ला एक लावते. तोटी स्वस्त असते, भांडण महाग पडतं.

आणि टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर. हजार लिटरला ५ ग्रॅम हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. पण ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात वर्षभर उघडं पडलेलं पोतं असेल तर त्यात उरतो नुसता चुना. पावडर टाकून अर्ध्या तासानं ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलाय का हे रंगावरून दाखवणारी चाचणी) घ्या, पिवळं दिसलं पाहिजे. उरलेला क्लोरीन लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम हवा. गढूळ पाण्यात तो टिकत नाही, आधी तुरटी फिरवून निवळू द्या. ही तपासणी टाकीवर करून थांबू नका, एखाद्या कुटुंबाच्या कळशीतही करा. दूषित पाणी बऱ्याचदा टाकीत नसतं, कळशीत बुडवलेल्या हातात असतं. झाकणाचं भांडं आणि साबण दिला नसेल तर टँकरवरचा खर्च निम्मा वाया गेला समजा.

अन्नाबद्दल थोडक्यात. स्फिअर माणशी रोज २,१०० उष्मांक म्हणतं. आपल्या भाषेत ४०० ग्रॅम ज्वारी, ६० ग्रॅम डाळ, ३० ग्रॅम तेल, २० ग्रॅम गूळ आणि मूठभर शेंगदाणे. म्हणजे भाकरी, आमटी आणि शेंगाचटणी, सोलापूरकराला कुणी शिकवायला नको. कडक भाकरी टिकते, पाठवायला सोपी, पण दात नसलेल्या माणसापुढं नुसती ठेवू नका, बरोबर गरम आमटी पाहिजे. आणि कोरडा शिधा देताना तवा, पातेलं, गॅस किंवा सरपण आहे का हे विचारा. किल्लारीची आजी मला अजून आठवते.

आता 'परदेशी पुस्तक' या आक्षेपाकडे येते. आपल्या देशात हे ऐच्छिक नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम १२ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं निवारा, अन्न, पिण्याचं पाणी, वैद्यकीय सेवा आणि स्वच्छता यांची किमान मानकं ठरवावीत असं लिहिलंय. विधवा आणि अनाथांसाठीच्या खास तरतुदीही त्यातच आहेत. कलम १९ प्रमाणं राज्याची मानकं राष्ट्रीय मानकांपेक्षा कमी असता कामा नयेत. कायदा २००५ चा, राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना निघाल्या २०१६ साली. मधली अकरा वर्षं बोलून फायदा नाही. त्या सूचनांत जागा स्फिअरइतकीच आहे, माणशी साडेतीन चौरस मीटर. शौचालय ३० जणांना एक. पिण्याचं पाणी माणशी ३ लिटर, आणि शौच-आंघोळीसाठी १५ लिटर वेगळं. मोठ्या माणसाला २,४०० उष्मांक, म्हणजे स्फिअरपेक्षा जास्तच. बायकांसाठी सॅनिटरी नॅपकिनसह वेगळं किट.

माझा इतक्या वर्षांचा धडा असा: मोजायला स्फिअर वापरा, मागायला राष्ट्रीय सूचना वापरा. तहसीलदारांपुढं 'स्फिअरमध्ये विसाला एक आहे' म्हणालात तर ते चहा पाजतील. बिचाऱ्यांना त्या पुस्तकावर खर्च टाकता येत नाही. 'राष्ट्रीय प्राधिकरणाच्या सूचनेप्रमाणं ३१० लोकांना अकरा हवीत, आमच्याकडे चार आहेत, सात पाठवा' असं लेखी दिलंत तर त्या कागदाला उत्तर द्यावं लागतं. मी असे कागद दिलेत. सातच्या सात कधी आली नाहीत, पण तीन आली, आणि तीनसुद्धा आली ती आकडा लिहिला होता म्हणून. उलट, रांगेचा वेळ, महिला-पुरुष प्रमाण, लोकांची तक्रार ऐकायची सोय अशा बारकाव्यांना स्फिअर आणि त्याच्या जोडीचं मुख्य मानवतावादी मानक (मदत करणाऱ्यांनी लोकांशी कसं वागायचं ते सांगणारं) कामाला येतं.

हे फक्त गरीब देशांचं दुखणं आहे असंही नाही. जपानसारख्या देशात १ जानेवारी २०२४ च्या नोटो भूकंपानंतर लोक शाळांच्या व्यायामशाळांत दाटीवाटीनं राहिले, बरीच टीका झाली, आणि त्याच डिसेंबरात तिथल्या सरकारनं निवाऱ्यांच्या सूचना स्फिअरला धरून सुधारल्या. साडेतीन मीटर आणि विसाला एक त्यात आलं. त्यांना हसू आलं का माहीत नाही.

आता कुठं ही मानकं जशीच्या तशी लावू नयेत तेही सांगते. स्फिअरची पुष्कळशी घडण महिनोन्महिने चालणाऱ्या छावण्यांच्या अनुभवातून झाली. आपला पूर आठ-दहा दिवसांत ओसरतो, लोकांना घरी जायची घाई असते. तिथं आखीव छावणी उभारत बसण्यापेक्षा गाळ काढायला फावडी, घमेली, पंप आणि विहिरी उपसून शुद्ध करणं हीच खरी मदत. दुष्काळात चित्र पुन्हा निराळं. सांगोला-मंगळवेढ्याकडं टँकरचा सरकारी हिशेबच माणशी २० लिटरचा असतो, म्हणजे कागदावर आपण स्फिअरच्या पुढं! तिथं भांडायचं ते टँकर ठरल्या खेपा करतो का आणि शेवटच्या वस्तीपर्यंत जातो का यावर.

आणि जनावरं. सीनाकाठी माणसं वेळेवर बाहेर का पडत नाहीत याचं उत्तर दावणीला असतं. दोन जर्सी गायी सोडून या म्हटलं तर कोण येईल? माणसांच्या निवाऱ्याला लागून जनावरांसाठी उंचावरची जागा आणि चारा-पाणी नसेल तर तुमचा निवारा रिकामा राहील आणि पहाटे बोटीनं लोक काढावे लागतील. पशुधनासाठी स्फिअरच्या जोडीला वेगळं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक पुस्तक आहे. चारा छावण्या चालवलेल्या आपल्या लोकांना ते वाचताना घरचंच वाटेल.

एक गोष्ट कुठल्याच फुटपट्टीवर बसत नाही, पण सगळ्यात आधी बिघडते. यादी. एका गावात, नाव सांगत नाही, यादी एका गटाच्या माणसानं केली. रेशनकार्ड नाही म्हणून पारध्यांची सात घरं गळली. हायवेलगतच्या त्याच गावाला एका दिवसात नऊ गाड्या आल्या, आत चार किलोमीटरवरच्या वस्तीला एकही नाही. स्फिअर गरजेप्रमाणं मदत म्हणतं, त्याचा गावातला अर्थ एवढाच की यादी संध्याकाळी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायची. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडं असाल तर कन्नडमध्येही वाचा, सोलापुरातल्या वस्तीत तेलुगूतही. नाव राहिलेला माणूस तिथंच ओरडतो. यापेक्षा चांगली तक्रारपेटी मला अजून सापडली नाही.

तुम्ही शिक्षक आहात म्हणून शेवटी एक काम सुचवते. वरच्या वर्गाला क्षेत्रफळ शिकवताना टेप देऊन शाळेच्या सगळ्या खोल्या मोजायला लावा. साडेतीननं भागून जो आकडा येईल तो प्रत्येक दाराच्या चौकटीवर रंगानं लिहा: 'इयत्ता तिसरी, ३० चौ.मी., ८ माणसे'. मंगल कार्यालय आणि गोदामाचंही तसंच. गावातली पूरपट्ट्यातली घरं आणि माणसं मोजा, वजाबाकी करा, आणि उरलेल्यांना कुठं ठेवायचं हा प्रश्न मेमधल्या ग्रामसभेत मांडून ठराव घ्या, प्रत तहसीलला द्या. संडासांची मोजणी करताना कडी, पाणी आणि दिवा असे तीन रकाने ठेवा. आकडे जमले की इथंच टाका, पाणी आणि शौचालयांचं गणित आपण मिळून करू. आणि शाळेच्या किल्लीचा दुसरा जोड गावातच, नदीच्या अलीकडं राहणाऱ्या एखाद्या बाईकडं द्या. मुख्याध्यापक मोहोळहून येऊन-जाऊन करत असतील तर पुराच्या रात्री ते पुलाच्या पलीकडं असणार.